काप कुठे घ्यायचा? सेक्शनच्या पाचशे वर्षांची गोष्ट



गेल्या रविवारी आमच्याकडे अळूवड्यांचा बेत होता. भारतीय दुकानात बऱ्याच दिवसांनी अळूची चांगली पानं मिळाली होती आणि आई सध्या पुण्याहून आमच्याकडे आली आहे, त्यामुळे निमित्त शोधावं लागलं नाही. उकडलेले उंडे ताटात निवत होते. आई सुरी घेऊन वड्या पाडायला बसली, तेवढ्यात माझी पंधरा वर्षांची मुलगी लॅपटॉप घेऊन स्वयंपाकघरात आली. शाळेत तिला डिझाइन अँड टेक्नॉलॉजी हा विषय आहे आणि त्यासाठी तिने सायकलला लावायच्या दिव्याचं त्रिमितीय मॉडेल तयार केलं आहे. तिने एक बटण दाबलं आणि दिवा मधोमध उभा चिरला गेला. आत बॅटरी, स्प्रिंग, काच, सगळं लख्ख दिसलं.

"बाबा, बघ ना, किती मस्त दिसतंय!"

मी विचारलं, "मस्त आहे. पण इथेच का कापलंस?"

ती म्हणाली, "म्हणजे? मधून कापतात ना?"

यावर आई हसली. तिच्या हातात अळूवडीचा उंडा होता. "मधून म्हणजे आडवा की उभा गं? आडवा कापला तर चक्र दिसतं. उभा कापलास तर नुसत्या पट्ट्या दिसतील, आणि वडी सुटेल ती वेगळीच."

श्रोतेहो, आजचा भाग त्या एका वाक्यावरून सुचला. अळूवडीचा उंडा एकच, पण आडव्या कापात तो चक्र दाखवतो आणि उभ्या कापात एकावर एक थर. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. कोणती दिसणार, हे सुरी कुठून फिरते त्यावर ठरतं. इंजिनिअरिंगच्या भाषेत या कापाला सेक्शन म्हणतात, शुद्ध मराठीत छेद. वस्तू एका कल्पित प्रतलाने कापायची, आपल्या बाजूचा तुकडा मनातल्या मनात उचलून ठेवायचा आणि उरलेल्या भागाकडे सरळ बघून चित्र काढायचं. व्याख्या एवढीच. पण हे मनातल्या मनात करायला माणसाला बराच काळ लागला. आधी त्याने खरोखरची करवतच हातात घेतली होती.

ती गोष्ट १४८९ सालची. इटलीतल्या मिलान शहरात लिओनार्दो दा विंची माणसाच्या कवटीचा अभ्यास करत होता. कवटीच्या आत काय आहे हे बाहेरून कळत नाही, म्हणून त्याने ती करवतीने कापली. एका चित्रात कवटी उभी मधोमध चिरलेली आहे. दुसऱ्या एका चित्रात त्याने चेहऱ्याची एक बाजू तशीच ठेवली आणि दुसऱ्या बाजूचं हाड कापून गालामागची आणि कपाळामागची पोकळी दाखवली. अर्धी वस्तू बाहेरून, अर्धी आतून, आणि दोन्ही शेजारी शेजारी. आपल्यापैकी जे कोणी इंजिनिअरिंगला होते त्यांनी हा प्रकार ओळखला असेल. याला आम्ही 'हाफ सेक्शन' म्हणतो. ही चित्रं आज इटलीत नाहीत. ती इथे इंग्लंडमध्येच, विंडसरच्या राजसंग्रहात आहेत.

लिओनार्दोची चित्रं सुंदर आहेत, पण त्यांच्यावरून कुणी कवटी बांधणार नव्हतं. इमारत मात्र चित्रावरूनच बांधावी लागते. साधारण १५१९ मध्ये चित्रकार राफाएल याने, बाल्दासारे कास्तिल्योने या लेखक-मित्राच्या मदतीने, पोप दहावा लिओ याला एक पत्र लिहिलं. प्राचीन रोमच्या पडक्या इमारतींची मोजमापं घेऊन त्यांची चित्रं कशी काढावीत, हा त्याचा विषय होता. राफाएलचं म्हणणं असं की वास्तुरचनाकाराने तीन चित्रं काढावीत. एक नकाशा, दुसरं बाहेरची भिंत, आणि तिसरं आतली भिंत, म्हणजे इमारत चिरल्यावर जे दिसेल ते. आणि या चित्रांत दूरचं लहान, जवळचं मोठं असं दाखवू नये, कारण तशा चित्रावरून माप घेता येत नाही. यातली गंमत लक्षात घ्या. हुबेहूब चित्र काढण्यात ज्याचा हात धरणारा कुणी नव्हता, तोच माणूस सांगतोय की डोळ्याला दिसतं तसं काढू नका. इथून सेक्शन हे मोजपट्टी लावता येईल असं कागदपत्र झालं.

याच मुद्द्यासाठी आपण जरा आपल्याकडे येऊ, लोणावळ्याजवळच्या कार्ल्याला. एकवीरेच्या दर्शनाला गेलेल्या प्रत्येकाने ते चैत्यगृह पाहिलेलं असतं. आता विचार करा, या लेण्याचं बाहेरून चित्र काय काढणार? दर्शनी भाग सोडला तर त्याला बाहेरची बाजूच नाही. चहूकडे डोंगर. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी कारागिरांनी खडक काढून टाकून आत एक पोकळी घडवली, आणि ती पोकळी म्हणजेच वास्तू. अशा वास्तूचं पूर्ण रूप कागदावर आणायचं तर नकाशा आणि सेक्शन यांच्याशिवाय इलाज नाही. एकोणिसाव्या शतकात जेम्स फर्ग्युसन या स्कॉटिश माणसाने ते केलं. हा मूळचा कलकत्त्यात निळीचा व्यापार करणारा. पुढे भारतीय वास्तुकलेचा इतिहासकार झाला. भारतीय वास्तुकलेवरच्या त्याच्या १८७६ सालच्या ग्रंथात कार्ल्याचा नकाशा आणि छेद शेजारी शेजारी आहेत. त्याच्या मोजणीप्रमाणे चैत्यगृह दारापासून मागच्या भिंतीपर्यंत सुमारे १२४ फूट लांब आणि साधारण ४५ फूट रुंद आहे. लांबीच्या दिशेने घेतलेल्या छेदात खांबांची रांग, वरची कमान, टोकाचा स्तूप आणि पुढची घोड्याच्या नालेसारखी मोठी खिडकी एका दृष्टीत येते. खिडकीतून शिरलेला उजेड स्तूपावर कसा पोचत असेल, हे त्या चित्रावर बोट फिरवून सांगता येतं. प्रत्यक्ष लेण्यात उभं राहिलं तर डोंगर चिरून बघता येत नाही. कागदावर येतो.

पण इमारतीचे कोपरे बहुधा काटकोनात असतात, म्हणून त्यांचा छेद घेणं त्यामानाने सोपं. तिरकी भिंत, गोल घुमट, एकमेकांत घुसलेले दोन नळ, यांना एखाद्या तिरक्या प्रतलाने कापलं तर नेमका कोणता आकार मिळेल? हे अंदाजाने नाही, पक्क्या नियमाने सांगायचं शास्त्र फ्रान्समध्ये जन्माला आलं, आणि तेही किल्ल्यांच्या कामातून. गास्पार मोंज हा एका फिरस्त्या व्यापाऱ्याचा मुलगा. मेझिएर इथल्या लष्करी शाळेत अधिकारी होण्यासाठी खानदान लागायचं, ते त्याच्याकडे नव्हतं. म्हणून तो तिथे नकाशे काढायच्या खालच्या कामावर होता. एकदा त्याला तटबंदीचा प्रश्न सोडवायला दिला. शत्रूच्या तोफा आजूबाजूच्या टेकड्यांवर असतील तर आतले सैनिक झाकले जाण्यासाठी तट किती उंच हवा? याला तेव्हा लांबलचक आकडेमोड लागायची. मोंजने ते उत्तर भूमितीच्या रेषांनी इतक्या लवकर काढलं की वरिष्ठांनी आधी ते तपासायलाच नकार दिला, असं सांगतात. एवढ्या वेळात गणित होणंच शक्य नाही, अशी त्यांची खात्री. पटल्यावर मात्र त्यांनी ती रीत लष्करी गुपित म्हणून कुलूपबंद केली. फ्रेंच राज्यक्रांतीनंतर, १७९५ मध्ये, मोंजला ती उघडपणे शिकवायची परवानगी मिळाली आणि १७९९ मध्ये तिचं पुस्तक आलं. कुठल्याही घनाचा कुठल्याही प्रतलाने होणारा छेद आता पट्टी आणि कंपास घेऊन अचूक काढता येऊ लागला. पहिल्या वर्षाला 'सेक्शन्स ऑफ सॉलिड्स' या धड्याने ज्यांची झोप उडवली होती, त्यांनी राग काढायचाच असेल तर या मोंजसाहेबांवर काढावा.

आता आपण राहतो त्या भागाकडे येऊ. बर्मिंगहॅममध्ये जेम्स वॉट आणि मॅथ्यू बोल्टन यांनी १७७५ पासून भागीदारीत वाफेची इंजिनं केली. त्यांच्या कारखान्याची ड्रॉइंग्ज शहराच्या ग्रंथालयात आजही जपून ठेवली आहेत. त्या जमान्यातली आणि पुढच्या शतकातली यंत्रांची ड्रॉइंग्ज बघताना एक गोष्ट लक्षात येते. ती रंगीत असतात. कापलेला भाग कोणत्या पदार्थाचा आहे हे रंगावरून कळायचं. एकोणिसाव्या शतकातला साधारण संकेत असा होता: बीड करडं, घडीव लोखंड निळं, पितळ पिवळं, पोलाद जांभळट, वीटकाम लालसर. ड्रॉइंग ऑफिसात हाताखाली शिकणारी मुलं ब्रश घेऊन हे रंग भरत बसायची.

मग ते रंग गेले कुठे? त्याचं उत्तर झेरॉक्सच्या पूर्वजात आहे. १८४२ मध्ये जॉन हर्शेल या इंग्लिश शास्त्रज्ञाने निळ्या छपाईची एक रासायनिक कृती शोधली आणि काही दशकांनी ती ड्रॉइंगच्या नकला काढायला वापरात आली. तीच आपली ब्लूप्रिंट. निळ्या कागदावर पांढऱ्या रेषा. एका मूळ चित्रावरून हव्या तेवढ्या प्रती निघू लागल्या, पण रंग काही त्यात उतरेनात. मग पदार्थ दाखवायची कामगिरी रेषांवर आली. कापलेल्या भागावर पंचेचाळीस अंशात समान अंतराने तिरप्या रेषा मारायच्या, त्याला हॅचिंग म्हणायचं, आणि पदार्थाप्रमाणे रेषांची नक्षी बदलायची. आज ऑटोकॅडमध्ये हॅचिंगची यादी उघडली तर एक नक्षी लोखंडाची, एक पोलादाची, एक पितळ-तांब्याची अशी नावं दिसतात. वॉटच्या काळच्या रंगपेटीचा हा शिल्लक राहिलेला अंश. कॉम्प्युटरच्या पडद्यावर लाखो रंग आहेत, तरी आपण अजून तिरप्या रेषाच मारतो.

मी पुण्यात इंजिनिअरिंगला होतो तेव्हा या रेषा हाताने मारल्या आहेत. पाठीला शीट ठेवायची लांब नळकांडी, हातात मिनी ड्राफ्टर, आणि गच्च भरलेली पीएमटीची बस. ज्यांनी हे केलंय त्यांना त्या ड्राफ्टरच्या कोपराने सहप्रवाशांची खाल्लेली बोलणी आठवत असतील. सबमिशनच्या आदल्या रात्री होस्टेलमध्ये काचेखाली दिवा लावून मित्राच्या शीटवरून रेषा गिरवायचा कार्यक्रम असे. त्याला 'जीटी मारणं' म्हणायचे. मीही मारली आहे, आता कबूल करायला हरकत नाही. पण एक सांगतो, जीटी मारून हात बसतो, डोळा बसत नाही. मित्राने छेद कुठून आणि का घेतलाय हे गिरवताना कळत नाही. त्याची किंमत मला पुढे मोजावी लागली. ती गोष्ट थोड्या वेळाने सांगतो. आधी हे सगळं कॉम्प्युटरमध्ये कसं शिरलं ते बघू.

१९६३ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये आयव्हन सदरलंड या विद्यार्थ्याने 'स्केचपॅड' तयार केलं. प्रकाशाच्या पेनने थेट पडद्यावर रेषा काढायच्या. तिथेच लगोलग टिमथी जॉन्सनने त्रिमितीय आकारांसाठी त्याची पुढची आवृत्ती केली. पण ते आकार म्हणजे तारांचे पिंजरे होते. आपल्या आकाशकंदिलाचा सांगाडा आठवा, कागद चिकटवायच्या आधीचा. अशा सांगाड्यातून सुरी फिरवली तर काय मिळेल? जिथे जिथे तार कापली गेली तिथे एकेक ठिपका. बस्स. ठिपक्यांवरून आत काय आणि बाहेर काय हे कॉम्प्युटरला कळायचा मार्ग नाही. पुढची पायरी पृष्ठभागांची. म्हणजे कंदिलाला कागद चिकटवला. आता सुरी फिरवली तर रेषा मिळते. पण कागदाला जाडीच नाही, आणि रेषेच्या कोणत्या बाजूला माल आहे हे अजूनही सांगता येत नाही.

भरीव छेद मिळायला आधी कॉम्प्युटरला 'भरीव' म्हणजे काय ते शिकवावं लागलं. १९७० च्या दशकात हे काम जगात दोन-तीन ठिकाणी एकाच वेळी सुरू होतं: जपानच्या होक्काइदो विद्यापीठात, अमेरिकेत रॉचेस्टरला, आणि इथे केंब्रिजमध्ये. केंब्रिजच्या इयन ब्रेड याने आपल्या संशोधनात घनाची नोंद कशी ठेवायची ते दाखवलं. प्रत्येक पृष्ठ कोणत्या कडांनी बांधलंय, प्रत्येक कड कोणत्या दोन पृष्ठांमध्ये आहे, आणि प्रत्येक पृष्ठाची माल असलेली बाजू कोणती, हे सगळं काटेकोर लिहून ठेवायचं. त्याने आणि चार्ल्स लँग वगैरे सहकाऱ्यांनी मिळून केंब्रिजमध्ये एक छोटी कंपनी काढली. त्या कामातून पुढे पॅरासॉलिड नावाचं भूमितीचं इंजिन तयार झालं. ते आजही अनेक नावाजलेल्या कॅड सॉफ्टवेअरच्या पोटात चालतं. माझ्या मुलीने स्वयंपाकघरात दाबलेल्या बटणामागे केंब्रिजची ही पन्नास वर्षांची मेहनत आहे. आणि त्यात पुण्याचाही हात आहे. या क्षेत्रातल्या मोठमोठ्या जागतिक कंपन्यांची विकास केंद्रं पुण्यात आहेत आणि आपल्यातल्या कितीतरी घरांतली मुलं-मुली तिथे काम करतात.

आता बटण दाबल्यावर नेमकं काय होतं? दोन वेगळ्या गोष्टी होतात आणि त्यातला फरक समजून घेण्यासारखा आहे.

पहिली फक्त बघण्यापुरती. तुम्ही पडद्यावर प्रतल पुढे-मागे सरकवता तेव्हा ग्राफिक्स कार्ड प्रतलाच्या एका बाजूचं काहीच रंगवत नाही. पण असं नुसतं गाळून टाकलं तर आत भरीव धातू दिसत नाही. एखाद्या खुळखुळ्या करंजीसारखं पोकळ कवच दिसतं, कारण पडद्यावर रंगवलेली असते ती फक्त कातडी. म्हणून सॉफ्टवेअर कापलेल्या जागी एक झाकण रंगवतं आणि वस्तू भरीव असल्याचा भास करून देतं. हे इतकं झटपट होतं की माऊस हलेल तसा छेद सरकतो.

दुसरी गोष्ट ड्रॉइंगसाठीची. तिथे प्रतल मॉडेलच्या प्रत्येक पृष्ठाला कुठे छेदतं हे गणिताने काढलं जातं. दंडगोल काटकोनात कापला तर वर्तुळ, तिरका कापला तर लंबवर्तुळ, लांबीने कापला तर दोन सरळ रेषा. मोंजचीच भूमिती, फक्त हजारो पृष्ठांवर आणि डोळ्याची पापणी लवेपर्यंत. हे तुकडे जोडून बंद आकार करायचे, आत कोणता भाग आणि बाहेर कोणता ते ठरवायचं, आतल्या भागावर हॅचिंग भरायचं. पहिल्या वर्षाला एका शीटला आमची दुपार जायची, ते काम आता होऊन जातं. आणि त्यात चूक होत नाही.

चूक होत नाही असं म्हणालो, पण आता माझी गोष्ट ऐका. २००२ च्या सुमारास पुण्याजवळच्या एका छोट्या कंपनीत माझी पहिली नोकरी होती. त्रिमितीय सॉफ्टवेअर नुकतंच आलं होतं आणि ते चालवू शकणारा मी एकटाच, त्यामुळे जमिनीवर पाय नव्हते. एका पंपाच्या बीडाच्या घराचं मॉडेल मी केलं. त्यात तेल जायची एक वाट होती, शाफ्टच्या मध्यरेषेपासून साधारण ३० मिलिमीटर बाजूला आणि तिरकी. काम चालू असताना ग्राहकाने एक बोल्टचं छिद्र वाढवायला सांगितलं. मी वाढवलं. शाफ्टच्या मधोमध सेक्शन घेतला, ए-ए. हॅचिंग, बाण, मापं, सगळं देखणं. छिद्राभोवती भरपूर माल दिसत होता. ड्रॉइंग पुढे गेलं, ओतकाम झालं, आणि मशीन शॉपमध्ये पहिल्याच नगात ड्रिल थेट तेलाच्या वाटेत घुसलं. सगळा लॉट भंगारात गेला.

सॉफ्टवेअर खोटं बोललं नव्हतं. मी मागितलेल्या जागी त्याने अगदी अचूक छेद दिला होता. ती तेलाची वाट मॉडेलमध्ये होती, छिद्रही होतं, दोघांची टक्करही होती. प्रतल ३० मिलिमीटर सरकवलं असतं तर कुणालाही दिसलं असतं. मी सरकवलं नाही, कारण मधला छेद दिसायला छान होता. ड्रॉइंग ऑफिसात निवृत्तीला आलेले एक ड्राफ्ट्समन काका होते. माझ्या नव्या कॉम्प्युटरकडे ते कधी फिरकले नव्हते. त्या दिवशी आले, ड्रॉइंगवर बोट ठेवून म्हणाले, "ही ए-ए रेष कोण मारली? तू ना? मग ती इथून का नेली ते सांग." माझ्याकडे उत्तर नव्हतं. मग त्यांनी पेन्सिलीने तीच रेष एका ठिकाणी काटकोनात वळवली, छिद्राच्या मध्यातून नेली, परत वळवून तेलाच्या वाटेवरून काढली. याला ऑफसेट सेक्शन म्हणतात. ते मला परीक्षेपुरतं ठाऊक होतं. त्यांनी म्हणे हाताने एवढं हॅचिंग केलं होतं की रेष मारायच्या आधी दहादा विचार करायची सवयच लागली होती. चुकली तर ब्लेडने खरवडून सगळं पुन्हा. मला चुकीची किंमत कागदावर कधी मोजावी लागली नव्हती, म्हणून ती बीडात मोजावी लागली.

छेदाच्या शास्त्रात काही गोष्टी मुद्दाम न कापण्याचाही संकेत आहे. प्रतल बोल्टच्या, शाफ्टच्या किंवा रिबच्या लांबीतून गेलं तरी त्या अखंड दाखवायच्या, हॅचिंग करायचं नाही. का? बोल्ट चिरून आत नवीन काहीच दिसत नाही, उलट वाचणाऱ्याला तो ओळखू येईनासा होतो. आणि पातळ रिबवर हॅचिंग केलं तर ती वस्तू आहे त्यापेक्षा भरीव वाटते. म्हणजे भूमितीच्या दृष्टीने चूक, पण वाचणाऱ्याच्या दृष्टीने बरोबर. हा संकेत कॉम्प्युटर आपल्या मनाने ठरवू शकत नाही. म्हणूनच चांगली सॉफ्टवेअर छेद घेताना विचारतात की यातलं काय काय न कापता ठेवू? आपण ती खिडकी न वाचता ओके दाबतो, तो भाग वेगळा.

पुढे हे तंत्र कुठवर गेलं याची दोन उदाहरणं देतो. बोइंग ७७७ हे विमान कटिया या फ्रेंच सॉफ्टवेअरमध्ये पूर्णपणे त्रिमितीय पद्धतीने रचलं गेलं आणि १२ जून १९९४ रोजी पहिल्यांदा उडालं. आधी विमानाची पूर्ण आकाराची प्रतिकृती उभारून कोणता पाइप कशावर आपटतो ते शोधायचे. इथे बहुतेक टकरी कॉम्प्युटरमध्येच सापडल्या. एखाद्या बाजूच्या छेदावर भरवसा न ठेवता प्रत्येक भाग शेजारच्या भागाशी तपासायचा, ही त्यामागची कल्पना. माझ्या पंपाला हीच तपासणी हवी होती.

दुसरं उदाहरण आपल्या जिवाशी जास्त जवळचं. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या विम्बल्डन भागातल्या अ‍ॅटकिन्सन मॉर्ली हॉस्पिटलमध्ये पहिल्या रुग्णाचा सीटी स्कॅन झाला. ते यंत्र गॉडफ्रे हाउन्सफील्ड या इंजिनिअरने केलं होतं. लिओनार्दोला कवटीच्या आत बघायला करवत लागली होती. हाउन्सफील्डने जिवंत माणसाच्या डोक्याचा छेद त्याला सुरी न लावता घेतला. अनेक कोनांतून क्ष-किरण सोडायचे आणि मिळालेल्या आकड्यांवरून छेदाचं चित्र गणिताने उभं करायचं. १९७९ मध्ये त्याला अ‍ॅलन कॉरमॅकबरोबर नोबेल मिळालं. इथे गंगा उलटी वाहते. कॅडमध्ये आपण आधी घन करतो आणि मग छेद काढतो, सीटीमध्ये छेदांवर छेद रचून आतला घन समजून घेतो. पण तिथेही रेडिओलॉजिस्ट पडद्यावर काप पुढे-मागे सरकवत बसलेला असतो. एका कापावर समाधान मानत नाही. पंधरा मिनिटं अनेकदा त्यातच जातात.

मी पुढे एमबीए केलं, आयटीत आलो, या देशात आलो. आता ड्रॉइंग करत नाही, कंपन्यांना आकडे वाचायला मदत करतो. पण प्रत्येक तक्ता, प्रत्येक आलेख हाही कुणीतरी कुठूनतरी घेतलेला छेदच असतो. बैठकीत कुणी देखणा आलेख दाखवला की मला ते काका आठवतात आणि मी विचारतो, ही रेष इथूनच का नेली? काही लोकांना हा प्रश्न आवडत नाही.

तर गेल्या रविवारी हे सगळं मी मुलीला सांगत बसलो नाही. तिने ऐकलंही नसतं, वड्या गरम होत्या. मी फक्त म्हटलं, "ती सुरी जरा सरकवून बघ." तिने प्रतल माऊसने हळूहळू डावीकडे नेलं. बॅटरी गेली, स्प्रिंग गेली, मग बटणाकडे जाणाऱ्या वायरीची खाच दिसू लागली. ती थांबली. थोडी मागे आली, पुन्हा पुढे गेली. "इथे भिंत खूपच पातळ आहे," ती म्हणाली, आणि ताट बाजूला सारून कामाला लागली. जरा वेळाने तिने विचारलं, "बाबा, हा स्क्रू पण कापू का?"

"तुला काय वाटतं?"

"नको. स्क्रूच्या आत काय बघायचंय?"

श्रोतेहो, तुमच्या घरी मुलं असतील तर या आठवड्यात एक करून बघा. एक उंडा अळूवडीचा, नाहीतर कोबी, नाहीतर संत्रं घ्या. मुलांना आधी विचारा, आडवं कापलं तर आत काय दिसेल? उभं कापलं तर? कागदावर काढायला सांगा आणि मग कापा. संत्र्याच्या फोडी आडव्या कापात जशा दिसतात तशा किती जणांना आधी सुचतात ते मला कळवा. शाळेच्या वाचनालयात स्टीव्हन बीस्टी यांचं १९९२ सालचं 'इन्क्रेडिबल क्रॉस-सेक्शन्स' मिळालं तर तेही आणा. किल्ला, जहाज, आगगाडी कापून दाखवलेली ती मोठाली चित्रं मुलांबरोबर मोठेही तासन्तास बघत बसतात.

पुढच्या भागात भेटू. तोपर्यंत नमस्कार.